पास झालेला बाटला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं किती कठीण होतं, ते तिला ओळखणारे सांगतील. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही दिघीचे नाही म्हणून. कदाचित आता सांगून कुणाचं काही बिघडणार नाही, सुधारणारही नाही, म्हणून.

तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. दिघीच्या धक्क्याला लागून अण्णांचं वर्कशॉप होतं — वर कौलं, तीन बाजूंना कूड, चौथी बाजू खाडीला मोकळी. अण्णा म्हणजे माझे मालक. ते लाँचची इंजिनं दुरुस्त करायचे आणि मी त्यांच्या हाताखाली. श्रीवर्धनला आमची सुपारीची वाडी होती, पण माझं मन तिथे रमेना. मला डिझेलचा वास आवडायचा. हसू नका. आजही कुठे तो वास आला की मी चालता चालता थांबतो आणि क्षणभर पंचविशीत असतो. भरतीचं पाणी पायरीला लागलंय, अण्णा कुणावर तरी खेकसतायत, आणि धर्मादादा दारात उकिडवा बसून मला चिडवतोय.

धर्मादादा आमचा पाणबुड्या. खाडीच्या तोंडाशी लढाईच्या वर्षांत बुडालेलं एक जहाज होतं. त्याचं पितळ-तांबं काढायचा ठेका मुंबईच्या एका कंत्राटदाराने घेतला होता आणि खाली उतरायला कोळीवाड्यातला धर्मा पाटील निवडला होता. काय छाती होती माणसाची! वर आला की ओल्या अंगानेच आमच्याकडे यायचा आणि खालच्या गोष्टी सांगायचा. जहाजाच्या भटारखान्यात म्हणे कप अजून आकड्यांना लटकलेले आहेत आणि त्यांत मासे घर करून राहतात. मला तो 'इंजिनेर' म्हणायचा. मी चार बुकं शिकलेला मदतनीस, पण त्याने हाक मारली की मला खरंच इंजिनियर झाल्यासारखं वाटायचं. तो मला फार आवडायचा. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

कंत्राटदाराने हवेचे बाटले मुंबईच्या जुन्या बाजारातून आणले होते. जाड पोलादाचे, पाठीवर बांधायचे. आधी कुणी वापरले, कसे वापरले, देव जाणे. म्हणून त्यांची परीक्षा घ्यायचं काम आमच्याकडे आलं. बाटला काठोकाठ पाण्याने भरायचा, हातपंपाने नेहमीपेक्षा बराच जास्त दाब द्यायचा आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा ढळला नाही, बाटला कुठे झिरपला-फुगला नाही, की पास. मग पाणी ओतून, उलटा टांगून खडखडीत वाळवायचा, आत बारीक दिवा सोडून बघायचं, आणि मगच त्याच्या खांद्यावर ठसा ठोकायचा — महिना, साल आणि पास करणाऱ्याची खूण. माझी खूण 'व'. वसंताचा व.

अण्णांचा एकच हट्ट होता — पाणी गोडं पाहिजे. वरच्या आळीतल्या विहिरीचं. खाडी दारात असली तरी तिचा थेंब बाटल्यात जाता कामा नये. खारं पाणी लोखंड खातं, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही.

तो पावसाच्या तोंडावरचा दिवस होता. हवा भरायचं यंत्र भाड्याचं होतं आणि ते शेवटच्या बोटीने मुंबईला परत जायचं होतं. म्हणून सगळे बाटले आधीच भरून ठेवायचे, म्हणजे नारळी पुनव झाली की लगेच काम सुरू. अण्णा कचेरीच्या कामाला अलिबागला गेले होते. एकच बाटला राहिला होता. आणि मला — कसं सांगू? — मला संध्याकाळी मुरूडला मुलगी बघायला जायचं होतं. आगरदांड्याची होडी चुकली असती तर तो योग पुन्हा कधी आला असता कोण जाणे. विहीर तळाला गेलेली, बायकांची ही रांग. दोन हंड्यांसाठी मी तिथे किती वेळ उभा राहणार?

पायरीवरून बादली बुडवली. खाडीच्या पाण्याने बाटला भरला, दाब दिला. काटा ढळला नाही. तेवढं तरी खरं होतं. पाणी ओतलं, गोड्या पाण्याने विसळलं नाही. थोडा वेळ उलटा टेकवला. आतला ओलावा हाताला लागत होता, दिवा सोडला नाही. हवा भरली, ठसा ठोकला. मग साबण लावून हात धुतले, धुतलेला सदरा घातला आणि होडी गाठली.

मुलगी पसंत पडली. पुढे माझा सगळा संसार त्या संध्याकाळपासून सुरू झाला. त्या दिवसाची आठवण निघाली की बायको लाजायची, आणि मी दुसराच विषय काढायचो.

पावसाळाभर तो बाटला कोपऱ्यात उभा होता. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मादादा तोच पाठीला बांधून उतरला. होडीत मीही होतो. खालून त्याने वर येण्याची खूण म्हणून दोर ओढला, आणि मग अर्ध्यात दोर नुसता जड झाला. आम्ही ओढून काढला तेव्हा त्याचे ओठ जांभळे होते. धक्क्यावर पालथा घालून, पाठ दाबून दाबून त्याला माघारी आणला. जगला. पण कंत्राटदार तिथेच विचारायला लागला, झालं काय? अण्णांनी बाटल्याची चावी फिरवली. हवा जोरात आली. वास नाही, काही नाही. त्यांनी ठसा बघितला आणि म्हणाले, बाटला पास आहे.

बाटला चांगला, म्हणजे माणूस वाईट. पुनवेची रात्र, सगळा कोळीवाडा प्यायलेला — धर्माही प्यायला असणार, आणि तसाच उतरला असणार. आणखी काय पाहिजे? त्याची बायको हिराबाय तेवढी गर्दीतून पुढे आली. "मी सोता वाढलंय याला. थेंब न्हाय घेतला यानं!" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नवऱ्याची बाजू घेणारच ती.

दोन दिवसांनी धर्मादादा वर्कशॉपच्या दारात आला, भिंतीला धरून. "इंजिनेर, तू सांग. बाटला बरा व्हता ना?"

मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "व्हय दादा. मीच पास केलाय. बाटल्यात काय न्हाय."

आणि तोवर मला माहीत होतं. आदल्या दिवशीच मी वर्कशॉपमध्ये एकटा असताना बघून घेतलं होतं. जुन्या विहिरीत उतरायचं असलं की आमच्याकडे आधी पेटता कंदील सोडून बघतात. विझला तर माणूस उतरत नाही. मी त्या बाटल्यातली हवा एका बरणीत सोडली आणि तारेला बांधून मेणबत्ती आत उतरवली. विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. मग बाटला उघडून ओतला, तर विटकरी पाणी आलं. आतल्या गंजाने हवेतला प्राण पावसाळाभर खाऊन टाकला होता. बाटला मी ओहोटीच्या चिखलात ढकलला, आणि अण्णांना म्हणालो, कंत्राटदाराचा माणूस घेऊन गेला.

भीती कसली होती मला? नोकरी गेली असती. लग्न मोडलं असतं, कदाचित. कदाचित काहीच झालं नसतं, अण्णांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या. मला अजून कळत नाही, मी नेमका कशाला भ्यालो.

कंत्राटदाराने दुसरा पाणबुड्या आणला. धर्मादादा दुसऱ्यांच्या होड्यांवर जाळी ओढायला जाऊ लागला. बाटल्याने नाही, बाटलीने बुडवला, असं पोरं त्याच्या मागे ओरडायची. माझ्या लग्नाला तो आला, पहिल्या पंगतीत त्याला बसवायला कुणी तयार नव्हतं, तर आपणहून शेवटच्या पंगतीला थांबला. मी बघितलं. मी नवरदेव होतो, मी एक शब्द बोललो असतो तर? नाही बोललो.

काही वर्षांनी तो छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला. मी भेटायला गेलो. हिराबाय उशाशी बसली होती. गावात तीच एकटी उरली होती, जी अजून कुणीही विषय काढला की भांडायची — माझा नवरा प्यायला नव्हता म्हणून. धर्मादादाने माझ्याकडे बघितलं, मग तिचा हात धरला.

"हिरा, त्या दिशी मी घेतली असंल गो. मला आठवत न्हाय, पन घेतली असंल. इंजिनेरानं पास केलेला बाटला व्हता. तो कशाला खोटं बोलंल?"

तिने हात सोडवून घेतला नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू पडत गेला. इतकी वर्षं सगळ्या गावाशी भांडलेली बाई माझ्यासमोर हरली.

मी म्हणालो, "दादा, जुनं कशाला काढता? आराम करा." आणि उठून घरी आलो. त्याच आठवड्यात तो गेला. त्यानंतर हिराबाय त्या विषयावर कुणाशी भांडली नाही.

ती खरं बोलत होती. तो प्यायला नव्हता.