हमीदभाईंनी हातातला पेन काढून घेतला

मला कामावरून घरी हाकलणारा माणूस आज गेला.

हमीदभाई. पंच्याण्णव वर्षांचे होते. अकोल्याला मुलीकडे राहायचे. दुपारी त्यांना माती देऊन आताच अमरावतीला परत आलो.

तरुण मित्रांना माहीत नसेल म्हणून सांगतो. साठच्या दशकात आम्ही दोघं रजिस्ट्री ऑफिसबाहेर कडुलिंबाखाली दस्त लिहायला बसायचो. घर घ्या, वावर विका, खरेदीखत आमच्याच हातचं.

हमीदभाई माझे सीनियर. त्यांचा कागद साहेब न वाचताच सही करायला निघायचे, आणि हे म्हणायचे, "साहेब, वाचून घ्या. मी बी माणूसच आहो."

त्यांचा एक नियम होता. जागेच्या पूर्वेला काय, पश्चिमेला काय, ही चतुःसीमा जागेवर उभं राहिल्याशिवाय लिहायची नाही.

"बसल्या बसल्या पूर्व समजत नाही रे. पायी जा, पाहून ये."

मी जायचो. कुरकुरत, पण जायचो.

मग माझे वडील गेले.

तेरवी झाली आणि चौदाव्या दिवशी मी कामावर हजर. घरी आई, तीन बहिणी, कमावणारा मी एकटा. त्यात अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर; सगळ्यांना खरेदी त्याच मुहूर्तावर पाहिजे.

लिहीत सुटलो. जेवायला उठत नव्हतो. डोळ्यांतून टिपूस नाही. लोक म्हणायचे, पोरगा मोठा धीराचा. मलाही तसंच वाटायचं. कप्पाळ धीराचा!

एका मास्तरीणबाईंच्या घराचं खरेदीखत मी जागेवर न जाताच लिहिलं. रस्ता पूर्वेला होता, मी पश्चिमेला लिहिला. दस्त रजिस्टर झाला.

दोन दिवसांनी बाई कागद घेऊन आल्या. एकट्या राहणारी बाई, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं घर घेतलेलं.

"भाऊ, माझं दार रस्त्यावर उघडते. कागदात तिथं शेजाऱ्याची भिंत आहे. उद्या त्यानं दार बंद कर म्हटलं तर मी कुठून निघू?"

मी कागद हमीदभाईंपुढे ठेवला.

चूकदुरुस्तीचा लेख करायला विकणाऱ्याची सही लागते. विकणारे गृहस्थ घर विकून मूर्तिजापूरला निघून गेलेले. ते अडून बसले असते तर बाई जन्मभर कोर्टात, आणि माझ्याकडून कोणी साधा अर्जही लिहून घेतला नसता.

दुसऱ्या दिवशी हमीदभाई मला घेऊन बडनेऱ्याहून गाडीत बसले. वाटेत म्हणाले, "बोलायचं तू. मी फक्त बाजूले बसतो."

बोललो. चूक माझी आहे, बाईंची नाही, असं हात जोडून सांगितलं. गृहस्थ मनसोक्त भडकले. "लिहाले बसता का झोपाले बसता?" मी मान खाली घालून ऐकलं. शेवटी चहा पाजला आणि येऊन सही करतो म्हणाले. आलेही. बाईंचं दार वाचलं.

मी सुटलो म्हणून पुढचा कागद ओढला. हमीदभाईंनी माझ्या हातातला पेन काढून घेतला.

"घरी जाय. महिनाभर येऊ नको."

"काहून? चूक निस्तरली ना."

"ते निस्तरलं. तू नाही निस्तरला. तुया बाप मेला आहे, अन् तू कागद मोजून राहिला."

माझं डोकं फिरलं. चार लोकांसमोर म्हटलं, "तुमाले माझी जागा दुसऱ्याले द्यायची असन. तुमच्या घरचं कोणी मेलं असतं तं समजलं असतं."

हे मी बोललो. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा गेलेला आहे हे मला माहीत नव्हतं. त्यांनीही सांगितलं नाही. पेन खिशात ठेवला आणि कामाला लागले.

घरी बसलो. आठ दिवस त्यांना शिव्या घातल्या. नवव्या दिवशी आंघोळीला पाणी काढता काढता रडू फुटलं, ते दुपारपर्यंत थांबेना. बाबा गेल्यावर पहिल्यांदा रडलो. आई जवळ बसून राहिली.

महिन्यानं गेलो तर माझी जागा रिकामी होती, झाडून ठेवलेली. "बस," म्हणाले. एवढंच.

पुढे चाळीस वर्षं शेजारी बसलो. मुलाचं मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. माफी मागायची राहूनच गेली. रोज भेटणाऱ्या माणसाची माफी मागायला मुहूर्त सापडत नाही, काय सांगू.

माझा नातू पुण्यात फ्लॅट विकतो. टार्गेट, टार्गेट! त्याच्या ऑफिसात वेलबीइंगचं लेक्चर असते म्हणे. असू दे. पण बाबू, हातातला पेन काढून घेणारा एखादा सीनियर पाहून ठेव.

आज अकोल्याला त्यांच्या मुलीनं, सलमानं, एक जुना स्टँप पेपर माझ्यापुढे धरला. अब्बांच्या कपाटात कुराणाच्या खाली होता म्हणाली.

अक्षर हमीदभाईंचं. घराचं खरेदीखत. विकणाऱ्याचं नाव, पत्ता, सगळं बरोबर. पुढे घेणाऱ्याचं नाव:

"लिहून घेणार: यूसुफ वल्द हमीद, वय वर्षे सहा, धंदा"

धंद्यापुढे काही नाही. पेन तिथंच थांबलेला.

"चाचा, यूसुफभाई गेल्यावर चार दिवसांनंतरची तारीख आहे ही. भाईच्या नावावर घर होतं का?"

घर दुसऱ्याच कोणाचं होतं. बाप मुलाला पुरून चौथ्या दिवशी कामावर बसला आणि गिऱ्हाइकाच्या जागी हातानं पोराचं नाव लिहिलं. मला घरी का हाकललं, ते मला आज कळलं.

मी तिला म्हटलं, "लिहायले घेतलं होतं बेटा. पुरं झालं नाही."

हमीदभाई, त्या दिवशी चारचौघांत बोललो, म्हणून आज चारचौघांतच म्हणतो. मले माफ करजा.

तुमच्या बाजूला बसणाऱ्याचा अखेरचा सलाम.