माळढोकाचा वाटाड्या

"आज न्हाई, साहेब. घर भरलंय."

एवढं म्हणून तो उजवा तळहात जमिनीवर उपडा ठेवायचा, खाली काहीतरी जिवंत झाकून धरल्यासारखा. आमच्या रेंजर साहेबांना या वाक्याची भयंकर चीड होती. कारण वाक्य त्यांच्या जिभेच्या आड यायचं.

मी तेव्हा जंगल खात्यात कारकून होतो. जंगल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे झाडं आली असतील, तर ती आधी काढून टाका. कर्जतच्या बाजूला तेव्हा मैलोनमैल नुसता माळ होता. मुरूम, कुसळी गवत आणि मधूनच एखादी बाभूळ. त्या बाभळीच्या संरक्षणासाठी एक रेंजर, दोन गार्ड, एक शिपाई आणि मी, एवढा फौजफाटा सरकारनं ठेवला होता.

घर भरलंय म्हणणारा हा माणूस फासेपारधी. माळाच्या कडेला त्यांची चार पालं होती. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास लावून तित्तर धरायचे, हा त्यांचा धंदा. गुराला पाखरू भीत नाही, म्हणून तो एका शिकवलेल्या बैलाच्या आडून, बैलाच्या चालीनं चालत जायचा. वयानं माझ्या वडिलांएवढा. आम्ही सगळे त्याला अरेतुरे करायचो. तो मात्र आमच्या शिपायालाही अहोजाहो करायचा. सुसंस्कृत कोण, हे ठरवायचं काम सुदैवानं आमच्या खात्याकडे नव्हतं.

नगरहून, कधी पुण्याहून, साहेबांचे पाहुणे येत. माळावरची हवा लागली की पाहुण्यांना तित्तर आठवायचे. मग पारध्याला बोलावणं जायचं. एरवी तो आणून द्यायचा. पण पाऊसकाळात, विणीच्या दिवसांत, तो हात हलवत यायचा आणि घर भरल्याचं, म्हणजे माद्या अंड्यावर आल्याचं, सांगायचा. साहेब त्याला जंगलाचे कायदे ऐकवून आत टाकायची धमकी देत. शिकारबंदीच्या महिन्यांत शिकार करून आणत नाही म्हणून जंगल खात्यानं दम भरल्याचं दुसरं उदाहरण तुमच्या ऐकिवात असेल तर मला जरूर कळवा. कायद्याचं पुस्तक माझ्याच कपाटात होतं. मी ते कधी उघडलं नव्हतं आणि त्याला वाचता येत नव्हतं. तरी त्यातले महिने आमच्यापैकी एकालाच पाठ होते.

एकदा मी त्याला विचारलं, पालात चूल पेटलेली नसतानाही तू हे कसं पाळतोस? मला वाटलं, आता देवाधर्माचं काहीतरी सांगेल.

तो म्हणाला, "भाऊसाहेब, पोटुशी धरली तर फुडच्या साली माजा पोरगा फास कुनाला लावील?"

दुष्काळाच्या आदल्या साली, श्रावणात, मुंबईहून पाखरं मोजणारे एक साहेब आले. माळढोक किती उरले आणि कुठे घरटी करतात, हे त्यांना पाहायचं होतं. माणूस विद्वान होता. त्यांच्याकडे जीप होती, दोन दुर्बिणी होत्या, पिवळाधमक रेनकोट होता. चार दिवस ती जीप माळावर घरघरत फिरली. माळढोक सोडा, टिटवीसुद्धा त्यांच्यापासून मैलभर लांब राहिली. पाचव्या दिवशी रेंजर साहेबांनी नाइलाजानं पारध्याला बोलावलं. रजिस्टरात मी त्याची नोंद 'वाटाड्या' अशी केली.

त्यानं आधी जीप थांबवली. मग रेनकोट काढायला लावला. मग मुंबईच्या साहेबांना, रेंजर साहेबांना आणि मला बैलाच्या मागं ओळीनं उभं केलं. आम्ही तिघे शेपटीच्या तालावर तासभर चाललो. तो मधेच वाकून विष्ठा पाहायचा, कुठे गवत कुणीकडे मोडलंय ते पाहायचा. शेवटी बैल थांबला. त्यानं बोट केलं. पन्नास पावलांवर मला मुरूमच दिसत होता. मग मुरमानं मान वळवली.

मादी बसली होती. उघड्या जमिनीवर, एका अंड्यावर.

"हितनंच बघा," तो म्हणाला. "फुडं न्हाई."

पण साहेबांना फोटो हवा होता. अंड्याची लांबी-रुंदीही हवी होती. त्यांनी पाऊल उचललं तसा हा आडवा उभा राहिला. सरकारी माणसाच्या वाटेत उभा राहिलेला तो मी पहिल्यांदाच पाहिला.

"ती एकच देती, साहेब. तित्तर धा देती, ही एकच. मानसाचा वास लागला की खोकड त्याच वासावर येतं."

रेंजर साहेबांनी त्याला दंडाला धरून बाजूला केलं. मुंबईचे साहेब पुढे गेले, मादी उडाली. त्यांनी अंडं मापलं, तीन बाजूंनी फोटो घेतले आणि आनंदानं परत येऊन पारध्याशी हस्तांदोलन केलं. त्याचं लक्ष हाताकडे नव्हतं. तो मादी गेली त्या दिशेला पाहत होता.

संध्याकाळी तो काठी घेऊन माळावर राखण करायला बसला. खोकड हाकलायचा त्याचा विचार होता. रेंजर साहेबांना मात्र वेगळीच काळजी पडली. हा अंडं खाईल. दोन्ही गार्ड जाऊन त्याला घेऊन आले आणि आमच्या ऑफिसच्या व्हरांड्यात बसवलं. खोकडाला कुणी बसवलं नाही.

सकाळी अंड्याच्या जागी टरफलं होती.

मुंबईच्या साहेबांनी अहवाल लिहिला आणि मला टाइप करायला दिला. त्यात अंड्याची लांबी होती, रुंदी होती, आणि शेवटी एक ओळ होती: स्थानिक पारध्यांकडून अंड्याचा नाश झाल्याचा संशय आहे. तो पारधी आदल्या संध्याकाळपासून आमच्याच व्हरांड्यात, गार्डच्या पायाशी बसलेला होता. मला ते माहीत होतं. मी ओळ टाइप केली. तीन प्रती काढल्या. एकही चूक नव्हती.

त्यावर खटला झाला. फास जप्त झाले, बैल कोंडवाड्यातून लिलावात गेला, आणि हा तीन महिने आत बसला. सुटल्यावर तो ऑफिसात आला. मला वाटलं, फास मागेल, बैलाचं विचारेल, निदान मला दोन शब्द ऐकवील. मी टेबलावर फायली रचून बसलो होतो.

त्यानं विचारलं, "भाऊसाहेब, ती परत आल्ती का?"

पाहायला आमच्यातलं कुणीच गेलं नव्हतं. मी म्हणालो, आली असेल.

"न्हाई यायची," तो म्हणाला. "पर कुनीतरी बघाय पायजे हुतं."

पुढच्या साली पाऊस आलाच नाही. माळावर गवत नाही, तित्तर नाही. दुष्काळी कामं निघाली आणि खडी फोडायला माणसांच्या रांगा बसल्या. चैत्रात मी सायकलवरून चाललो असताना त्या कामावरच्या मुकादमानं मला थांबवलं. सरकारी माणूस म्हणून त्याला माझ्याकडून एका मजुराला समज द्यायची होती. हा मजूर कामाला चांगला, पण मधली दोन हात जागा सोडून बसतो, तिथला दगड उचलत नाही आणि शेजारच्यांनाही उचलू देत नाही, अशी तक्रार होती. एवढ्याशा जागेपायी सगळी रांग वाकडी झाली होती.

मी पाहिलं. पारधीच होता. सोडलेल्या जागेत खड्यांमध्ये टिटवी बसली होती.

"राहू द्या तेवढं," मी मुकादमाला म्हणालो.

माझ्या नोकरीतला तो पहिला हुकूम. त्याला जावक क्रमांक नव्हता आणि प्रतीही काढल्या नव्हत्या. मुकादम कपाळाला आठ्या घालून निघून गेला.

मी लगेच निघालो नाही. वैशाखात त्यांची पालं उठली ती पुन्हा त्या माळावर पडली नाहीत, आणि तो मला परत दिसला नाही. त्यामुळे तेव्हा थांबलो ते बरंच झालं. बाकीचे मजूर उन्हाकडे पाठ करून बसले होते. तो एकटाच सूर्याकडे तोंड करून, डोळे बारीक करून हातोडा मारत होता. मला वाटलं, तुरुंगानं डोकं फिरलं याचं. मग उमगलं. पाठ त्यानं टिटवीकडे केली होती. दगडाच्या चिपा तिच्याकडे उडू नयेत म्हणून.