पंपाच्या खोलीवरचा कॅमेरा

चतुराबाईंचा गुलाबाचा मळा नाशिकच्या बाहेर, लष्करी छावणीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. नवरा गेल्यापासून मळा त्या एकट्याच बघत होत्या. अडीअडचणीला इंदिरानगरहून धाकटा भाऊ गोटीराम यायचा. तो वायरमनच्या नोकरीतून नुकताच निवृत्त झाला होता. मार्चमध्ये त्यानंच पंपाच्या खोलीवर सोलरचा कॅमेरा बसवला.

"हवामानाची कंपनी हाय, आक्का. पिकावर फुकटात लक्ष राहील, मलाबी काम मिळालं."

मे महिन्यात सीमेवर तणाव वाढला आणि रस्त्यावरून लष्कराच्या गाड्या जास्तच जाऊ लागल्या. एका सकाळी फुलं तोडताना चतुराबाईंचं लक्ष वर गेलं. कॅमेऱ्याचं तोंड मळ्याकडे नव्हतंच, रस्त्याकडे होतं. त्यांनी शिडी लावून तो गुलाबांकडे वळवला.

पाव तासात गोटीरामचा फोन. "आक्का, कॅमेऱ्याला हात लावलास का? कंपनीचे साहेब लय चिडलेत. आत्ताच्या आत्ता रस्त्याकडं कर म्हणतात."

"माझ्या गुलाबावरची कीड त्याला रस्त्यावर दिसती व्हय?"

गोटीरामनं फोन ठेवला. तासाभरात तो मळ्यात आला, तेव्हा चेहरा उतरला होता.

"त्या साहेबाला कधी पाहिलंस तरी का?" चतुराबाईंनी विचारलं.

"नाय. सगळं फोनवरच."

"मग चल पोलिसांकडं."

"मलाच आत टाकतील गं!"

"टाकतील. पण या रस्त्यावर उद्या लष्कराच्या गाड्यांना काही झालं तर?"

तो बांधावर बसून रडला. मग उठला आणि बहिणीबरोबर गेला.

पोलिसांनी कॅमेरा काढून नेला. आतलं सिम खोट्या नावावर निघालं आणि साहेबाचा नंबर तोवर बंद झाला होता. गोटीरामला अकरा दिवस आत ठेवलं. सुटला, तरी दर सोमवारी ठाण्यात हजेरी लागली.

"मावशी, बरं झालं आलात," पहिल्याच दिवशी अधिकारी म्हणाले होते.

"पण दोन महिन्यांत त्या लोकांनी काय काय बघितलं असंल, साहेब?"

"ते नाही सांगता येणार."

त्या प्रश्नानं चतुराबाईंची झोप उडाली. गाडीचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं. सख्ख्या भावाला पोलिसांत दिलं, असं नातेवाईक बोलू लागले. भावजय तर त्यांचा फोनही घेईना.

राखीला त्या तरीही इंदिरानगरला गेल्या. दार गोटीरामनंच उघडलं. त्यानं हात पुढे केला, पण वर पाहिलं नाही. राखी बांधून झाली. आतून चहाला कोणी बोलावलं नाही. थोडा वेळ उभं राहून चतुराबाई जिना उतरल्या.