पत्र्याखालचं ग्रीक जेवण

"फाडलं! सुभेदारानं दूध फाडलं! अगं या गं, बगा गं, माझ्या शेळ्यांच्या थानावर निखारा ठेवला या माणसानं!"

येलदरीच्या धरणाच्या कामावर, सिमेंटच्या गोदामाला लागून असलेल्या माझ्या पत्र्याच्या खोलीच्या दारात ती उभी होती आणि तिचा आवाज पूर्णा नदीच्या पल्याड जाऊन परत येत होता. खडी फोडणाऱ्या बायांचे हातोडे हवेत थांबले. मुकादमाला वाटलं सुरुंगाचा इशारा झाला, तो धावत जाऊन खडकाआड बसला, असं मी पुढं कैक जणांना सांगितलं. मुकादम कुठंही बसला नव्हता. हातोडे मात्र खरंच थांबले होते.

माझ्या एका हातात पिळलेलं लिंबू होतं, दुसऱ्या हातात पळी. चुलीवरच्या पातेल्यात दुधाचे गोळे होऊन हिरवट पाण्यात तरंगत होते. इतका आयता चोर कुठल्या कोतवालालाही सापडला नसेल.

"आक्का, ऐक तरी."

"काय ऐकू? आपसूक नासलं असतं तर म्हणलं असतं उन्हाळा हाय, नासतंय. तुमी हातानं फाडायलात! शपथ घेतल्ती का न्हाई?"

घेतली होती.

ही आक्का शेळ्या राखायची. नात्याची कुणी नव्हे. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी दिसायची म्हणून आक्का. गोदामाच्या मागं बाभळीची सात झाडं होती. चैत्र सरला की त्यांच्या शेंगा वाळून खाली पडायच्या आणि तिच्या शेळ्या त्यांवर सावकाराच्या लग्नात पंगत बसावी तशा बसायच्या. त्या खात तोवर आक्का माझ्या छपराच्या सावलीला टेकायची, रांजणातलं पाणी प्यायची आणि जाताना तांब्याभर दूध ठेवायची. पाण्याला दूध, असा आमचा सौदा. पहिल्याच दिवशी तिनं अट घातली होती. दूध उतू घालवायचं नाही, त्याला मीठ लावायचं नाही, आणि जाणूनबुजून फाडायचं तर मुळीच नाही. जाणून फाडलं की ज्या जनावराचं दूध, त्याचं थान आटतं. मी पूर्णेकडं हात करून शपथ घेतली. शपथा घेण्यात मी पहिल्यापासून उदार.

आता ते सुभेदार प्रकरण. पलटणीत मी लांगरी होतो, म्हणजे दोनशे माणसांचा स्वयंपाकी. मोठ्या लढाईत इटली पाहिली, ग्रीस पाहिलं, ते सगळं कांद्याच्या पोत्यावर बसून. परतलो तेव्हा परभणीच्या स्टेशनावर उतरेपर्यंत मी नायक झालो होतो, गावच्या शिवेत हवालदार. पुढं निजाम गेला, आम्ही हैदराबादचे मुंबईचे झालो. एवढ्या उलथापालथीत माझी बढती कोण तपासतो? येलदरीला गोदामावर कारकून म्हणून लागलो तो सुभेदार होऊनच. बायको मी परमुलखात असतानाच तापानं गेली होती. गावात भाऊ-भावजय होते, पण दुसऱ्याच्या चुलीपुढं किती दिवस बसवतं?

आणि तो उन्हाळा. माझ्या पत्र्यावर कावळा बसला की आधी एक पाय उचलायचा, मग दुसरा उचलायचा, आणि तिसरा नाही म्हणून उडून जायचा. कामावरच्या भटारखान्यात अशातही लाल रस्सा आणि उकळतं बेसन मिळायचं. घास घेतला की टोपी आपोआप वर उचलली जायची. लोक खायचे, सुस्कारे टाकायचे, पुन्हा खायचे. मला मात्र ग्रीस आठवायचं.

लढाई संपली होती. मला कांदे आणायला डोंगरातल्या एका गावात पाठवलं. ऊन असंच, डोळ्यांत वाळू घातल्यासारखं. एका म्हातारीनं, तिच्याही शेळ्याच होत्या, माझं मनगट धरून मला जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, झाडाखाली बसवलं. टमाटे, काकडी, कांदा, चार काळी खारवलेली फळं, रोटी, आणि मिठाच्या पाण्यातून काढलेली शेळीच्या दुधाची पांढरी ढेप, बोटांनी कुस्करलेली. वर तेलाची धार. फोडणी नाही, धूर नाही, पोटावर ओझं नाही. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. तरी आम्ही दोन तास बोललो, ती ग्रीकमध्ये आणि मी परभणीच्या बोलीत. उठताना तिनं माझ्या खिशात आणखी एक काकडी कोंबली.

तेवढ्यासाठी मी काय काय केलं! सेलूला रेल्वेनं खिळे-पत्रे यायचे, ते आणायला मी ट्रकमधून जायचो. तिथल्या एका खानावळीत फर्मावलं, टमाटे चिरा, काकडी चिरा, दही-कांदा आणा, रस्सा नको, वरून कच्चं तेल सोडा. मालक गल्ल्यावरून उठून आला आणि कानाशी वाकला.

"सुभेदार, जुलाब लागलेत का?"

"नाही हो. ग्रीसचा राजा उन्हाळाभर हेच खातो."

"का? त्याला करून घालणारं कुणी न्हाई का?"

त्याला माझं घर ठाऊक नव्हतं, सहज बोलून गेला. पुढ्यात साबुदाणा ठेवला त्यानं. मी तो मुकाट्यानं खाल्ला.

मग तेल. परभणीत एक युनानी हकीम बसायचे. युनान म्हणजेच ग्रीस, हे मला पलटणीतल्या एका मौलवीनं सांगितलं होतं. तेव्हा युनानी हकिमाकडं युनानचा माल असणारच, अशी माझी खात्री. गंमत म्हणजे होता. जैतुनाचं तेल म्हटल्यावर त्यांनी चष्मा वर केला.

"दर्द कां हय?"

"जीभ पे."

त्यांनी जीभ बाहेर काढायला लावली, नाडी धरली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, आणि बोटभर शिशी देत म्हणाले, "सुबो-शाम मालिश करना. जीभ पे नक्को, घुटने पे."

ती शिशी मी महिनाभर पुरवली. शेवटी शेवटी काकडीला नुसतं बूच दाखवायचो. तीही संपल्यावर घाण्याचं करडीचं तेल घेतलं, काकडीच्या जागी गावरान वाळूक आलं, रोटीच्या जागी जोंधळ्याची भाकरी. पहिल्यांदा आक्कापुढं तो थाट मांडला, ओल्या फडक्यात गुंडाळून गार केलेलं वाळूक, टमाटे, पुदिन्याचं दही, वर तेल, आणि म्हणालो, "हे बघ, सातासमुद्रापलीकडचं जेवण."

आक्कानं सगळं नीट पाहिलं. कमरेची भाकरी सोडली. भाकरीवर कांदा होता आणि तेलात कालवलेली चटणी.

"हे तर आमी रानात रोज खातोय. एवढ्यासाठी तुमी इतकं लांब कामून गेल्ते?"

त्या दिवसापासून आम्ही दुपारी समोरासमोर बसून जेवू लागलो. मी गोष्टी सांगायचो. तिकडच्या शेळ्या सकाळी समुद्रात पोहायला जातात, म्हणून त्यांचं दूध मुळातच खारट. आक्का घास चावत म्हणायची, "मंग माझ्या मी गंगाखेडच्या उसात नेऊन सोडते. बासुंदीच देतील." तिकडं जैतुनाचं झाड इतकं जुनं, की पांडव त्याच्याखाली बसून गेले. "तिकडं कशाला गेल्ते ते?" "वाळूक खायला." अशी हसायची की भाकरीचा तुकडा घशात अडकायचा, मग मी पाणी द्यायचो.

कामावर हजारो माणसं होती. माझ्या दाराशी यायची ती सिमेंट न्यायला. पोतं उचललं की पाठ फिरायची. दिवसाचा तेवढा एक घास मी कुणाच्या तरी समोर बसून खात होतो.

मग मला काय दुर्बुद्धी सुचली? ताटात सगळं होतं, ती पांढरी ढेप तेवढी नव्हती. तिच्याशिवाय माझ्या गोष्टीला खोट यायची. एक दिवस तुला ती खाऊ घालीन, असं मी आक्काला सांगून ठेवलं होतं. कशाची असते हे तिनं विचारलं होतं. दुधाची म्हटलं असतं तर त्याच दिवशी तांब्या बंद झाला असता, म्हणून मी सांगितलं, डोंगरात सापडते. कुदळीनं खणून काढतात, खडूसारखी. आक्कानं भुवई उचलली, पण चालू दिलं. माझं बरंच काही ती चालू द्यायची.

तिकडं ती ढेप कशी लावतात ते मला ठाऊक नव्हतं. लांगऱ्याला लिंबू ठाऊक. तीन दिवसांचं दूध जरा जरा बाजूला काढत, सारखं उकळून टिकवत मी जमवलं, आणि त्या दुपारी आक्का शेळ्यांमागं गेली आहे असं बघून चूल पेटवली. ती पाण्याला परत आली.

ओरडून झाल्यावर तिनं आत येऊन पातेल्यात डोकावलं.

"हाच का तुमचा डोंगरातला खडू?"

मी लिंबू पाठीमागं लपवलं. तिनं फळीवरचा तिचा रिकामा तांब्या उचलला, शेळ्यांना हाळी दिली आणि गेली. पाणी प्यायची राहिली.

दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

गोळे धोतराच्या फडक्यात बांधून मी जात्याच्या पाळीखाली दाबले, ढेप मिठाच्या पाण्यात बरणीत घातली. तीन दिवसांनी काढली, टमाटे चिरले, वाळूक चिरलं, तेल सोडलं, पहिला घास घेतला. चव तीच होती. मी मुळात मोठं सांगणारा माणूस, पण इथं वाढवून सांगायला जागाच नव्हती. अगदी तीच. मी ते रांजणाला सांगितलं. रांजण पाझरत राहिला. ताट घेऊन बाहेर नदीच्या काठावर जाऊन बसलो. तिथं वारा तरी असेल म्हटलं. वाऱ्यानं ताटात माती आणून टाकली. परत आलो. बाभळीखाली झाडून काढल्यासारखं स्वच्छ होतं, एक लेंडीसुद्धा नाही.

मग डोकं चालायला लागलं. पहिल्या दिवशी वाटलं, एखादी शेळी आटली असेल. चौथ्या दिवशी पाच झाल्या. आठव्या दिवसापर्यंत माझ्या एका लिंबानं जिंतूरपासून गंगाखेडपर्यंतच्या सगळ्या शेळ्या आटवल्या होत्या आणि घरोघरी पोरं रडत होती. रोज दुपारी मी रांजण भरायचो. ताटल्या दोन मांडायचो, मग एक उचलून ठेवायचो.

नवव्या दिवशी ढेपेचा तुकडा पानात बांधला, दोन वाळकं घेतली आणि नदीच्या कडेनं खाली निघालो. वाटेत एक गोष्ट जुळवली. ग्रीसच्या एका राणीची शेळी आटते, राणी शेळीची माफी मागते, आणि शेळी आधीपेक्षा दुप्पट दूध देते. शेवट फार झकास झाला होता.

कोसभर गेल्यावर चिंचेखाली आक्का दिसली. पांढऱ्या कानाच्या शेळीला करडू लावत होती. करडाच्या तोंडाला फेस आला होता आणि शेळीची कास अशी भरलेली, की तिला मागचे पाय फाकवून उभं राहावं लागत होतं. मी एकेक करून सगळ्यांच्या कासा पाहिल्या. एकही आटली नव्हती. राणीची गोष्ट तिथंच गेली.

"आक्का," मी म्हणालो, "मी सुभेदार नाही. लांगरी होतो."

"ठावं हाय. कांदा कसा चिरता ते दिसतंय की."

"त्या म्हातारीकडं मी एकदाच जेवलो. एकच दुपार. बाकीचं सगळं मी पदरचं लावलं."

तिनं करडाला दुसऱ्या थानाला लावलं.

"आणि ते दूध मी जाणून फाडलं."

"देवाला नारळ दिला. फिटलं ते."

मी पान सोडून तिच्यापुढं ठेवलं. तिनं वास घेतला, चिमूटभर तोंडात टाकली, बराच वेळ चावत राहिली.

"मीठ लय झालंय."

"म्हणजे तुला राग नाही ना?"

"किती दिवस धरू?"

मी तिथंच मातीत बसलो. म्हणालो, "मग दुपारची येत का नाहीस गं? रांजण रोज भरून ठेवतो. वाळकं आणून ठेवली, ती सुकून गेली. रोज दोन ताटल्या मांडतो मी."

आक्कानं करडू बाजूला केलं, हात लुगड्याला पुसले आणि शेळ्या कुठं पांगल्या ते पाहिलं.

"तिकडच्या बाभळीच्या शेंगा सरल्या," ती म्हणाली.