हरकत नाही ना, आबा?

"मी शे ना!" म्हणजे 'मी आहे ना', असं म्हणत आबा छातीवर पंजा आपटायचे. पंजा ओला असायचा, आणि बऱ्याचदा त्याला चिकटलेला माशाचा खवला सदऱ्यावर उतरायचा. मी म्हणायचे, "आबा, आज बिल्ला लावून आलात का?" मग ते खाली बघून खवला काढायचे आणि त्या नादात दुसरा लावून घ्यायचे.

मी एसटीत कंडक्टर आहे. धरणाच्या गावाहून निघून पिंपळनेर, साक्री करत धुळ्याला जाणारी सकाळची गाडी बरीच वर्षं माझ्याकडे होती. आबा त्या गाडीचे रोजचे प्रवासी. धरणात मासे धरून पोट भरणारी थोडकी घरं आहेत, त्यांच्या सोसायटीचे ते चेअरमन. चेअरमन म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर जे येईल ते येऊ देऊ नका. चेअरमनसाहेब स्वतः जाळं टाकायचे, स्वतः काढायचे आणि थर्माकोलचा खोका डोक्यावर घेऊन शेवटच्या सीटवर येऊन बसायचे.

खोक्यातला बर्फ विरघळायचा आणि वासाचं पाणी पुढच्या लोकांच्या चपलांपर्यंत यायचं. कुणीतरी कुरकुर करायचंच. "मासाना वास शे, भाऊ. गुलाब थोडाच शे!" आबा हसून म्हणायचे. पण गळ्यातला रुमाल काढून आधी त्या पाण्यावर टाकायचे. "काळजी नका करू, मी शे ना!"

ते कशाकशाला 'शे ना' होते म्हणून सांगू? चाक पंक्चर झालं की जॅकशी ओळख नसलेला हा माणूस ड्रायव्हरच्या डोक्यावर उभा राहून सूचना द्यायचा. कुणाची लेक माहेरून निघताना रडली, की हे तिच्या बापाला धीर द्यायचे. एकदा एक दारुडा तिकिटावरून माझ्या अंगावर आला. भरल्या गाडीत सगळे खिडकीबाहेर बघू लागले. आबा मात्र उठले. "मी शे ना, माय!" म्हणाले आणि मध्ये येऊन उभे राहिले. दारुड्याने नुसता धक्का दिला, तर आबा एका मास्तरांच्या मांडीवर जाऊन बसले. तिथूनच ते त्याला दम देत राहिले. गाडी हसली, दारुडाही हसला आणि गुपचूप उतरला. तेव्हापासून त्यांचा खोका ठेवायला शेवटच्या सीटखालची जागा मी मोकळीच ठेवायचे.

आबांचा एकच दोष होता, बोलणं. मासा ताजा आहे का एवढं विचारलं तरी ते धरण कसं बांधलं तिथून सुरुवात करायचे. त्यांच्याबरोबर खोका घेऊन येणारी एक आक्का होती, नवऱ्यामागे स्वतः जाळं टाकणारी, तोंडाने फटकळ. ती कपाळाला हात लावायची. "आबा, मासा सडी जाई, पन तुम्हनी गोट काई सरत नही!" आबांना राग यायचा नाही. ते गोष्ट तिथून पुढे सुरू करायचे.

धरणाच्या पाण्यात एक कोपरा आहे, त्याला हे लोक 'चिंचेचं पाणी' म्हणतात. बुडालेल्या जुन्या गावातल्या चिंचा तिथे पाण्याखाली उभ्या आहेत. त्यांच्या फांद्यांत मासा राहतो, तिथेच अंडी घालतो. या लोकांची जाळी वर्षानुवर्षं त्याच पाण्यात. आणि नेमकं तेच पाणी रस्त्याला लागून, काठाशीच खोल. त्यामुळे बोटक्लबवाल्यांचा डोळाही त्याच्यावर गेला. तिथे होड्या लावायला धक्का बांधायचा, पर्यटकांना घेऊन मोटारबोटी पळवायच्या, काठावर हॉटेल काढायचं, असं ठरलं. मोटारबोट आली म्हणजे जाळी आत टाकता येणार नव्हती. एवढंच होतं, आणि ते सगळ्यांना कळत होतं.

गावात जाहीर सभा ठेवली. धुळ्याहून धरणखात्याचे साहेब येऊन मच्छीमारांचं म्हणणं ऐकणार, असं सांगण्यात आलं. सोसायटीकडून बोलणार आबा. लोकांना भीती वाटायची ती साहेबांची नव्हती, आबांच्या जिभेची होती. ते धरणाच्या पायाभरणीपासून सुरू करतील आणि मूळ मुद्द्यावर येईपर्यंत मांडव उठेल. मग आक्कानेच तोड काढली. सभेच्या आदल्या दिवशी माझ्या गाडीत ती आबांकडून घोकून घेत होती. "काहीबी इचारू देत, 'नही' म्हना. दुसरं काई नही. म्हना बरं?"

"नही," आबा म्हणाले.

"आनखी?"

"आनखी बी नही."

गाडीतल्यांनीही हात धुऊन घेतले. कुणी विचारायचं, "आबा, चहा घेणार का?" आबा म्हणायचे, "नही!" "आबा, शेवटच्या स्टॉपला उतरणार का?" "नही!" उतरताना छातीवर पंजा आपटून मला म्हणाले, "उद्या देख, माय. मी शे ना!"

सभा शाळेच्या मैदानावर होती. माझी परतीची फेरी तिथेच शेजारच्या थांब्यावर उभी होती, आणि कर्णा थेट आमच्या तोंडावर. भाषणं झाली. सगळी गोड. मग आबांना वर बोलावलं. आधी शाल पांघरली, हातात नारळ दिला, टाळ्या झाल्या. आबांच्या उभ्या आयुष्यात शाल कुणी घातली नव्हती. मग साहेबांनी माईक त्यांच्या तोंडापुढे धरला आणि अगदी घरच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "मग आबा, तुमची काही हरकत नाही ना?"

"नही!" आबा म्हणाले.

खणखणीत म्हणाले. इतक्या टाळ्या पडल्या की कर्णा किंचाळला. मी गाडीत तिकिटाचं मशीन हातात घेऊन बसले होते. मी ताडकन उठून खिडकीशी गेले. आबा पुढे काहीतरी बोलत होते, "नही म्हंजे..." एवढं ऐकू आलं, पण माईक तोवर आभार मानणाऱ्याकडे गेला होता. ज्या माणसाला कुणी कधी गप्प बसवू शकलं नाही, त्याला त्या दिवशी एकच शब्द बोलायची मुभा होती, आणि त्याचाही अर्थ दुसऱ्याने लावला. मला लाज वाटली ती आबांची नाही. असं गोड विचारायच्या आपल्या या सभ्य पद्धतीची वाटली. तुम्ही-आम्ही दिवसात दहादा असंच विचारतो.

दुसऱ्या दिवसापासून आबा शेवटच्या सीटवर एकटे बसू लागले. आक्का पुढे बसायची, पाठ करून. खवला दिसला तरी मी काही बोलायचे नाही. पाणी गळलं तर ते मुकाट रुमाल टाकायचे. 'मी शे ना' मी पुन्हा ऐकलं नाही. एखादा माणूस लाजेने खरोखर लहान होतो हे मी तेव्हा बघितलं. सदरा त्यांना मोठा होऊ लागला होता.

तरी माणूस स्वस्थ बसणारा नव्हता. एके सकाळी धुतलेलं धोतर, टोपी, आणि हातात पिशवी. खोका नाही.

"कुठे, आबा?"

"धुयाले. साहेबले शाल परत देवाले."

त्यांचं म्हणणं असं, की शाल-नारळ घेतला म्हणून शब्द गेला. शाल-नारळ परत केला की शब्द परत. सोयरिकीत नाही का, नारळ परत पाठवला की बोलणी मोडली असं सगळे धरतात? मला ते पटलं. आजही पटतं.

"पण तो नारळ आहे का अजून?" मी विचारलं.

आबा ओशाळले. "तो बठ्ठासनी खादा. त्याच रातले." शेरणी म्हणून, आनंदाचा प्रसाद म्हणून, नारळ फोडून गल्लीत वाटला होता. त्या 'नही'चा काय अर्थ लावला गेला, हे तोवर गल्लीत कुणाला नीट उमगलंच नव्हतं. म्हणून आता पिंपळनेरहून नवा नारळ घेणार होते, त्याहून मोठा बघून.

संध्याकाळी धुळ्याच्या स्टँडवर ते गाडीत चढले तेव्हा पिशवी रिकामी होती. मला बरं वाटलं. "घेतलं का, आबा?"

"लिधं."

"मग झालं की!"

आबा रिकाम्या पिशवीची घडी घालू लागले. मग हळूहळू सांगितलं. ऑफिसात त्या साहेबांच्या जागी नवे साहेब आले होते, आणि त्यांच्या स्वागताला लोकांची रांग लागली होती. हार, गुच्छ, शाली. शिपायाने आबांच्या हातात शाल-नारळ बघितला आणि त्यांना त्याच रांगेत ढकललं. ते साहेबांपुढे पोहोचताच कुणीतरी शाल उलगडून त्यांच्या हातात दिली, त्यांचे हात धरून साहेबांच्या खांद्यावर पांघरलीसुद्धा.

"अहो, पण बोलायचं होतं ना तुम्ही!"

"बोलनू ना. सांगं, साहेब, हाई तुम्हनं शे."

हे तुमचं आहे. तुमचं तुम्हाला परत, असं त्यांना म्हणायचं होतं. साहेबांनी हात जोडले आणि म्हणाले, "आभारी आहे."

"फोटू बी काढी लिधा," आबा म्हणाले.

मागचे दोघे फिसकन हसले. गाडीभर हसू पसरलं. आबाही हसायला गेले, पण त्यांचं तोंडच वाकडं झालं. त्यांनी टोपी काढून डोळ्यांवर धरली. गावाच्या अलीकडच्या थांब्यावर ते उतरले. तिथून शेताच्या बांधाने गेलं की मच्छीमारांची गल्ली लागत नाही.

तो फोटो आमच्या आधीच गावात पोहोचला होता. सगळ्यांच्या मोबाइलवर. खाली लिहिलेलं, 'मच्छीमार बांधवांकडून साहेबांचा सत्कार'. आबा आणि साहेब दोघेही कॅमेऱ्याकडे बघत होते. दोघांतला कोण कुणाचा सत्कार करतोय हे फक्त शालीवरून कळत होतं.

चिंचेच्या पाण्यात आता तांबड्या पिंपांची दोरी बांधली आहे. तिच्या आत जाळं टाकायचं नाही. रविवारी बोटी फिरतात, त्यांच्या लाटांनी दोरीबाहेरची जाळीही सरकतात. आक्काचं एक जाळं बोटीच्या पंख्यात सापडून फाटलं. ती काठावर बसून दिवसभर ते शिवत होती, असं ड्रायव्हरने सांगितलं.

आबांनी धाकट्या मुलाकडे सुरतेला जायचं ठरवलं. साक्रीला उतरून सुरतेची गाडी धरणार होते. माझ्याच गाडीत आले. पत्र्याची ट्रंक होती. सवयीने शेवटच्या सीटवर बसले आणि ट्रंक खोक्याच्या जागेत सरकवली. थांब्यावर निरोपाला कुणी नव्हतं. आबांनीच कुणाला सांगितलं नव्हतं.

मी दार लावलं, तेवढ्यात गाडीच्या पत्र्यावर थाप पडली. आक्का होती. हात ओले, पदर खोचलेला, काठावरून धावत आलेली. तिने शेवटच्या खिडकीचा गज धरला. आबांनी मान दुसरीकडे वळवली.

"आबा, तो नारय आम्हीबी खादा ना," ती म्हणाली. "बठ्ठासनी खादा. आनि 'नही' म्हना असं मीच शिकाडं."

आबांनी मान तिच्याकडे वळवली. हात छातीपर्यंत गेला, पण आपटला नाही.

"मंग मी जाऊ, आक्का?" ते म्हणाले. "तुन्ही हरकत नही ना?"

"नही!" आक्का म्हणाली. तिने जोरजोराने मान हलवली, गज आणखी घट्ट धरला आणि रडू लागली. "नही, आबा, नही."

या वेळी गाडीत कुणीच उलटं ऐकलं नाही. आबांनी तिची बोटं एकेक करून गजावरून सोडवली. मी बेलच्या दोरीला हात घातला आणि कितीतरी वेळ तो तसाच धरून उभी राहिले.