अक्कांच्या पोऱ्याचा फोटो

धुळ्यात बायकांच्या संडासांच्या मागणीसाठी सह्या गोळा करताना आज अक्कांकडे चहाला थांबले. भिंतीवर त्यांच्या मुलाचा फुटबॉलच्या मैदानातला फोटो दिसला आणि ती दुपार आठवली.

मुलगा व्यावसायिक संघात राखीव खेळाडू होता. "पोऱ्याना एक फोटो काढजो," म्हणत अक्कांनी मला परगावच्या सामन्याला सोबत नेलं. मी मात्र तिथल्या बायकांच्या संडासाला लावलेलं कुलूप, कोरडे नळ, असे पुरावेच फोनवर टिपत बसले. शिवाय पुढच्या रांगेत उभ्या राहिलेल्या, समोरच्या संघाचा शर्ट घातलेल्या माणसाला झापलं, "ओ भाऊ, बसा की खाली! आम्ही काय तुमची पाठ बघायला आलोय?"

शेवटच्या पाच मिनिटांत मुलगा मैदानात उतरला. ढोल दणाणले, आणि चार्जिंग संपून माझा फोन बंद पडला.

"तुन्हा फोन बंद पडना?" अक्कांनी विचारलं. "मन्हा पोऱ्या शे ना तो!"

तो माणूस वळला. टोमणा येणार म्हणून मी उत्तर तयारच ठेवलं होतं. त्यानं आपला फोन अक्कांच्या हातात दिला, कुठे दाबायचं ते दाखवलं. "काढा आई, पाहिजे तेवढे काढा."

ते कुलूप पुढे आम्ही उघडायला लावलं, त्याचा अभिमान आहेच. पण त्या दिवशी मी फक्त भांडायला सज्ज होते, आणि अक्कांचा फोटो त्या माणसामुळे झाला. मी साधे आभारही मानले नाहीत. त्याचा संघ हरला होता. तरी अक्कांनी दिलेल्या मुलाच्या नंबरवर फोटो पाठवून खाली त्यानं एवढंच लिहिलं, "पोरगं भारी पळतं."