बोटभर खाली

बाबा गेले तेव्हा दादा एकोणीस वर्षांचा, ताई चौदाची आणि मी नऊचा. मागे राहिलं काय, तर गॅरेजचं एक शटर, गाडी उचलायची एक लिफ्ट आणि भिंतीवर टांगलेले नट-बोल्टचे पाने. तेवढ्यावर दादाने ताईला नर्स केली, माझ्यासारख्या उनाडाला पोसलं, आणि स्वतः सस्पेन्शनचा मास्तर झाला. बाकीचे मेकॅनिक इंजिनाच्या मागे, कारण इंजिन आवाज करतं, गिऱ्हाईक खूश होतं. हा मात्र गाडीखाली आडवा होऊन चाक कसं उठतं-बसतं ते तासन्‌तास बघणार. लग्न केलं नाही, व्यसन नाही, आणि जेवतानासुद्धा डब्याशेजारी मापाची टेप.

स्पोर्ट्स कार खाली बसवून घ्यायला येणारी माणसं म्हणजे एकेक नग! "शेजाऱ्याची बघा कशी जमिनीला टेकते, तशी करा." का बाबा? "दिसते भारी!" अरे, नुसती बघायचीच असेल तर फोटो लाव घरात. मी असं तोंडावर बोलायचो आणि गिऱ्हाईक घालवायचो. दादा त्यांना बाकावर बसवून समजवायचा. गाडी थोडी खाली आली की वळणावर कमी कलते, रस्त्याला धरून राहते, स्टिअरिंग फिरवलं की लगेच ऐकते, हे सगळं खरं. पण चाकाला वर यायला जागा लागते. ती जागा संपली की शॉकअप तळाला आपटतो, आणि भर वळणात असं झालं की मागचं चाक रस्ता सोडतं. मग तुम्ही कितीही मोठे ड्रायव्हर असा, गाडी तुमची राहत नाही. "खाली कोणीही बसवील," तो म्हणायचा, "तिला उठाबशीला जागा ठेवायची, त्याचे पैसे घेतो मी."

त्याचा एक नियम होता आणि त्यावरून आमची रोज वादावादी. चाकाला सांगाड्याशी धरून ठेवणारे जे लोखंडी आर्म असतात, त्यांच्या सांध्यात रबरी बुश असतो. गाडी लिफ्टवर असली की चाकं खाली लोंबतात. तेव्हाच बोल्ट आवळला, तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं, आणि गाडी खाली उतरली की जन्मभर पिळलेलं राहतं. म्हणून बोल्ट नुसते अडकवायचे, गाडी चारही चाकांवर उभी करायची, मग वीतभर जागेत घुसून, नाक तेलात घासत, शेवटचे आवळायचे. आवळून झालं की बोल्टवर पिवळ्या रंगाचा ठिपका. ठिपका म्हणजे दादाचा शब्द. ठिपका असला की तो बोल्ट आम्ही पुन्हा तपासायचा नाही.

आता भावोजी. ताईचा नवरा माणूस वाईट नाही, पण हौसेपुढे त्याला काही दिसत नाही. पंचेचाळिशीत दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार घेतली, जुनी का होईना. शाळेत मुलांना खेळ शिकवायचे, शरीर कमावलेलं, त्या गाडीतून उतरायचे तेव्हा ताईसुद्धा लाजायची. म्हणाले, "दादा, घरच्या माणसाची गाडी आहे, अशी बसवा की लोक वळून बघतील." दादा म्हणाला, "लोकांचं सोडा, तुम्ही पुढे बघा म्हणजे झालं." पण तायडीचा नवरा! नाही कसं म्हणणार? उंची कमी-जास्त करता येणाऱ्या चांगल्या स्प्रिंगा मागवल्या आणि तीन दिवस त्या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही.

चौथ्या दिवशी ताईने दादासाठी तिच्या हॉस्पिटलात डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर लावला होता. जाताना मला म्हणाला, "मागचे चार बोल्ट राहिलेत. खाली उतरवून आवळ."

मला मॅच बघायला जायचं होतं. झालं! एवढंच कारण. काही मोठं संकट असतं, कोणी आजारी असतं, तर सांगायला बरं वाटलं असतं. गाडी लिफ्टवरच होती, बोल्ट डोळ्यांसमोर, हात सहज पोचत होता. दोन मिनिटांत चारही आवळले. आणि निर्लज्जपणा बघा, चारही बोल्टांवर पिवळे ठिपके दिले.

दुसऱ्या दिवशी दादाने टेप लावली तर गाडी मागून बोटभर उंच. पिळलेलं रबर तिला उचलून धरत होतं, दुसरं काय! भावोजी शेजारी उभे, "शेपूट वर आलंय हो!" दादा वाकून ठिपके बघत होता. त्याने मला विचारलं, "जमिनीवर आवळलेस ना?"

"हो. ठिपके दिसत नाहीत का?" वर त्यालाच ऐकवलं मी.

"मग स्प्रिंगच ताठ निघाली असणार," असं म्हणून त्याने मागच्या स्प्रिंगांची उंची ठरवणारी रिंग फिरवली आणि गाडी बोटभर खाली घेतली. चाकांचं अलाइनमेंट पुन्हा केलं. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे भावोजींना शेजारी बसवून खराब रस्त्यावरून चक्कर मारली, मगच किल्ली दिली. त्या दिवशी गाडीत काहीच खोट नव्हती. मीही म्हटलं, चला, निभावलं.

चार महिन्यांनी भावोजींचा मला फोन. आवाजात नुसता आनंद. "अरे, ऐक तर! गाडी आपोआप आणखी खाली बसली मागून. टायर निम्मा आत गेलाय. काय दिसतेय म्हणून सांगू!"

मला त्याच क्षणी कळलं. पिळलेलं रबर शेवटी फाटलं होतं. त्याने उचलून धरलेली बोटभर उंची गेली, म्हणजे दादाने रिंग फिरवून उतरवलेली गाडी आता ठरल्यापेक्षा बोटभर खाली आली होती, आणि चाकाला वर यायला जागाच उरली नव्हती. मी काय म्हणायला हवं होतं? भावोजी, गाडी हलवू नका, आत्ता येतो. नऊ वर्षांच्या पोरालाही सुचलं असतं. पण मग दादा आर्म खोलणार, रबर बघणार, ठिपक्यांचं बिंग फुटणार. मी म्हणालो, "वा! मज्जा आहे तुमची."

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, कोरड्या रस्त्यावर, पुलाखालच्या वळणातल्या खोलगट भागात गाडी मागून फिरली आणि कठड्यावर गेली. भावोजी जगले. डाव्या गुडघ्याचा पार चुरा. खेळ शिकवणारा माणूस, आज संडासात बसायलाही खुर्ची लागते त्यांना.

चेपलेली गाडी आमच्याकडेच आली. दादाने मागचा आर्म खोलला. रबर फाटलं होतं आणि पीळ कोणत्या बाजूला पडलाय ते त्यावर लिहिल्यासारखं दिसत होतं. हे वाचणारी माणसं गावात दोनच, तो आणि मी. तो बुश त्याने उजेडात धरून फिरवून बघितला. मग म्हणाला, "मी विचारलं होतं रे तुला."

एवढंच. शिवी नाही, थप्पड नाही. दोन मुस्कटात ठेवून दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं! मी वाट बघत होतो, देवाशपथ. त्याने बुश पुसला आणि बाकावर ठेवला.

संध्याकाळी हॉस्पिटलात ताई वॉर्डाबाहेर उभी होती, अंगावर ड्यूटीचाच गणवेश. इन्शुरन्सच्या माणसाने तिला सांगितलं होतं की गाडी नको तेवढी खाली घेतली होती. तिने दादाला विचारलं, "शेवटचं खाली कोणी घेतलं?"

"मी."

"आणि बाकीचं काम?"

"सगळं मीच केलं. तपासली मी, किल्ली मी दिली."

मी तिथेच होतो. भिंतीला टेकून, हाताच्या अंतरावर. ताईने दादाकडे असं बघितलं की मलाच चटका बसला. म्हणाली, "बापासारखा समजत होते तुला. पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! बहिणीच्या नवऱ्याला ज्याने लंगडा केला त्याच्या हातात गाडी कोण देणार? महिन्याभरात दादाने गॅरेज माझ्या नावावर केलं आणि नदीपलीकडे एका टायरवाल्याकडे पंक्चर काढायला लागला. तो मास्तर माणूस, पंक्चर! आणि माझं दुकान चालतं, छान चालतं. लोक म्हणतात, धाकटा बरा, जपून काम करतो. हसावं की रडावं?

नऊ वर्षं झाली. ताईकडे मी दर रविवारी जेवायला जातो. ती मला आग्रह करून वाढते, आणि माझ्या घशाखाली उतरतंही. हे लिहितानासुद्धा स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं.

गेल्या महिन्यात दादाला हृदयाचं ऑपरेशन सांगितलं. त्याच्या एका खोलीच्या घरात मी बसलो होतो. कपडे पिशवीत भरता भरता म्हणाला, "तायडीला सांगशील? ऑपरेशनच्या आधी एकदा येऊन जा म्हणावं. नुसतं तोंड दाखवून जा, बोलू नको हवं तर." नऊ वर्षांत त्याने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

रविवारी गेलो ताईकडे. भावोजी आत झोपले होते. मी विषय कसा काढावा या विचारात, तोच ताटात भात वाढता वाढता तीच म्हणाली, "तो कसा आहे रे?" नाव नाही घेतलं. पण डाव तसाच हातात धरून उभी राहिली, उत्तरासाठी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा!

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ती तशीच निघून त्याच्याकडे गेली असती, मला खात्री आहे. पण दोघं समोरासमोर बसली, की ती विचारणार, असं कसं झालं रे दादा तुझ्या हातून? आणि मरणाच्या दारात माणूस किती वेळ खोटं बोलेल?

"मजेत आहे," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि आमटी वाढायला लागली.

सोमवारी नदीपलीकडच्या हॉस्पिटलात दादा पलंगावर उठून बसला होता, दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून. मी आत शिरलो तसा त्याने माझ्या मागे दाराकडे बघितलं. मी दार लावून घेतलं.

"नाही म्हणाली," मी सांगितलं.

त्याने मान हलवली. चादर नीट केली. मग म्हणाला, "तिचं बरोबर आहे. माझ्याच हातून झालं ना ते."

खोलीत आम्ही दोघंच होतो.